अठ्ठ्याण्णव अंशांवर

"शलाका, याला वास कळतो का गं?"

द्वारकामावशींनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या पडवीत मांडी घालून बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्रावर तारा, रिले, दोन सेन्सर आणि काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर असा सगळा पसारा मांडलेला. मला हसू आलं.

"वास नाही कळत, मावशी. ऊन-गार कळतं. तेवढंच."

"तेवढंच?"

"वासाचे सेन्सर असतात, पण ते दारू प्यायलेला ड्रायव्हर पकडण्यापुरते. तुमच्या रोशाला तुम्हीच लागणार."

मावशी बोर्डावरचा लुकलुकणारा दिवा थोडा वेळ बघत राहिल्या आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, माझं हसणं त्यांना लागलं.

मी तेव्हा शहाद्याच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. पहिलीच नोकरी. घर नाशिकला, म्हणून गावाबाहेर प्रल्हादकाकांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. काका वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले. मिशा, आवाज आणि चालणं अजून खात्यातलंच. घरामागे त्यांचं तीन-चार एकर रान होतं आणि त्यात रोशा.

रोशा म्हणजे सातपुड्याच्या उतारावर उगवणारं गवत. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर येतं. तेव्हा कापायचं, भट्टीत वाफवायचं, वाफ गार पाण्यातल्या नळीतून फिरवायची. नळीच्या तोंडाशी पाणी येतं आणि त्यावर तरंगतं ते तेल. वास गुलाबाच्या जवळपासचा, म्हणून अत्तरवाल्यांना ते हवं असतं. काकांची अर्धी नोकरी जंगलातल्या भट्ट्यांवर नजर ठेवण्यात गेली, आणि त्या भट्ट्या बघता बघता तेल काढायला शिकल्या त्या मावशी. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची छोटी भट्टी होती. जाळ किती ठेवायचा, सुरुवातीचं हिरवट तेल कधी संपलं, चांगलं कधी सुरू झालं, शेवटचं जड तेल यायच्या आत कॅन कधी बदलायचा, हे सगळं त्या नाकावर करत. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी काका तेच सांगायचे.

"हिचं नाक म्हणजे काय समजलात! बाटलीचं बूच उघडायच्या आत सांगते, गवत कुठल्या उताराचं. मोरणीच्या डोंगराचं घ्या, नाहीतर कुठलंही घ्या."

आणि त्याच मावशी श्रावणात एकदा माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू त्या तारा जोडत बसतेस ना, त्यातून भट्टीचा जाळ आपोआप कमी-जास्त होईल असं काही होतं का?"

"होतं की. पण तुम्हाला कशाला हवंय?"

"चुलीपुढे बसून डोळे गेले माझे धुराने."

ते मला पटलं नाही. भट्टी चालू असताना ज्या बाईने नवऱ्यालाही शेडच्या उंबऱ्याआत घेतलं नव्हतं, तिला एकाएकी यंत्र हवंसं का वाटावं? पण मी पंचविशीची होते, संध्याकाळी करायला काही नव्हतं, आणि खरी भट्टी हाताशी आली म्हटल्यावर कारण कोण विचारत बसतं?

लाकडाचा जाळ यंत्राच्या ताब्यात राहणार नाही, म्हणून आम्ही भट्टीच्या तळाशी गिझरच्या दोन कॉइल बसवून घेतल्या. वर पाणी, पाण्याच्या वर जाळी आणि जाळीवर गवत. झाकणाच्या नळीत एक सेन्सर बसवला आणि प्रोग्राम लिहिला, की वाफ अठ्ठ्याण्णव अंशांवर ठेव. पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. पाणी उकळायला लागल्यावर वाफेचा आकडा अठ्ठ्याण्णवाच्या आसपासच राहतो, जाळ थोडा असो की फार. पडद्यावर आकडा झकास दिसत होता आणि इकडे नळीतून कढत पाणी धो धो येत होतं. तेलाचा पत्ता नव्हता.

"उडून गेलं," मावशी म्हणाल्या. त्यांनी नळीखाली बोट धरलं आणि चटकन काढून घेतलं. "हे इथं कोमट यायला हवं. बाळाला आंघोळ घालतात तसं."

मग डोक्यात उजेड पडला. मी दुसरा सेन्सर नळीच्या तोंडाशी लावला. बाहेर येणारं पाणी ऊन झालं की कॉइल बंद, निवलं की चालू. वरचा आकडा फक्त वाफ येते आहे ना, हे कळण्यासाठी. दोन-तीन रविवार त्यातच गेले. पण ज्या दुपारी काचेच्या भांड्यात पाण्यावर पिवळसर तेलाचा पहिला जाड थर स्वच्छ दिसला, त्या दुपारी मावशींनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"चालतंय गं पोरी, तुझं भूत चालतंय!"

त्यानंतर एक नवंच सुरू झालं. भट्टी लागली की मावशी मला हाक मारायच्या. कागदाची पट्टी तेलात बुडवून माझ्या नाकाखाली धरायच्या.

"काय येतंय?"

"गोड."

"गोड म्हणजे? गुळासारखं, का पिकल्या पेरूसारखं?"

"पेरूसारखं. आणि मागून जरा हिरवं."

"हिरवं किती? ओल्या गवताएवढं, का लिंबाच्या पाल्याएवढं?"

मी डोळे मिटून शोधायचे. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, अगदी रोखून. मी "हिरवं गेलं" म्हटलं की लगेच कॅन बदलायच्या. मला कौतुक वाटायचं. एवढी जाणती बाई आपली विद्या मला देते आहे, आणि स्वतः आधी वास घेऊन माझं मन वळवत नाही, मला माझं शोधू देते आहे. मी घरी फोन करून आईलाही ते सांगितलं होतं.

काही गोष्टी मात्र विचित्र होत्या. एका सकाळी मावशींनी चहा दिला. कप तोंडाशी नेला तर दूध नासलेलं. समोर काका निमूटपणे घोट घेत होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खूण केली, पिऊन टाक. मीही प्यायले. दुसऱ्यांदा डाळ लागलेली होती, खालून काळी झालेली. काका ताटावरून मुकाट्याने उठले. म्हातारपणी माणसं एकमेकांशी अशी वागत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. काका तळोद्याला लग्नाला गेले होते. मी कॉलेजातून दुपारीच परतले. स्कूटी फाटकाशी लावते न लावते तोच नाकात घाण वास घुसला. जळका, कडवट, घशात बसणारा. मी तशीच पिशवीसकट शेडकडे धावले.

मावशी भट्टीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर सुपात लसूण. लसूण सोलता सोलता पडद्याकडे बघत होत्या आणि चेहरा अगदी निवांत होता.

"ये, ये. बघ कशी शहाण्यासारखी चाललीय. अठ्ठ्याण्णव. मघापासून हललेली नाही."

मी भिंतीवरचा खटका खाली ओढला.

"अगं अगं! बंद का केलीस?"

"मावशी, करपलंय सगळं!"

"कुठे करपलंय?" त्या खरंच गोंधळल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मान वर करून एक लांब श्वास नाकाने ओढला. पुन्हा एक ओढला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बंद खोलीच्या दारावर थाप मारून माणूस आतल्या आवाजाची वाट बघतो, तशा त्या थांबल्या होत्या.

आम्ही झाकण काढलं तेव्हा धुराचा लोट वर आला. आतली जाळी एका बाजूने निसटली होती आणि गवताचा एक पेंढा सरळ कॉइलवर जाऊन बसला होता. बाकीचं पाणी उकळत होतं, वाफ येत होती, आकडा बरोबर होता. यंत्राने काही चुकवलं नव्हतं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे मावशी मागे सरकल्या. मग सूप खाली ठेवून भिंतीला टेकून बसल्या.

मी त्यांच्याजवळ बसले.

"कधीपासून?"

"होळीच्या आधी ताप आला होता. ताप गेला तो हे नाक घेऊन गेला. वाटलं, सर्दीचं असेल, येईल परत."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"धुळ्याला जाऊन आले. यांना सांगितलं, गुडघा दाखवायला जाते. डॉक्टर म्हणाले, कुणाचा येतो, कुणाचा नाही येत." त्यांनी पदराने डोळे पुसले. धुराचंच पाणी असावं. "गुलाब हुंगला, रॉकेल हुंगलं, हिंगाचा डबा नाकाला लावला. सगळं सारखंच. पाणी हुंगल्यासारखं."

"म्हणून यंत्र?"

"म्हटलं, नाकाचं काम आकड्यांनी होतं का बघावं."

"आणि मला पट्ट्या हुंगायला लावायचात ते?"

मावशी जरा हसल्या. "तुझं नाक उसनं घेत होते, बाई. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

"काकांना सांगा ना," मी म्हटलं.

"काय सांगू? नोकरी गेली, गणवेश गेला, जीप गेली. आता चार माणसांत बोलायला त्यांच्याकडे माझं नाक तेवढं राहिलंय. ते कसं काढून घेऊ?"

मग मीच म्हटलं, की कुणाला कळायची गरजच नाही. मी सगळे कॅन एकदा हुंगून प्रतीप्रमाणे लावते. मन्सूरभाई आले की तुम्ही नेहमीसारखं सांगा. मावशींनी मान डोलावली. करपलेलं तेल आम्ही परसात ओतून टाकलं.

मन्सूरभाई म्हणजे बऱ्हाणपूरचे अत्तरवाले. दर वर्षी दिवाळी झाली की यायचे आणि मावशींचं सगळं तेल घेऊन जायचे. स्वतः कधी कॅन उघडायचे नाहीत. "भाभींनी हो म्हटलं की मी माझं नाक खिशात ठेवतो," असं म्हणायचे. त्या वर्षी आले तेव्हा काकांनी त्यांना पडवीत खुर्ची दिली, फराळाची ताटली पुढे केली आणि आमच्या यंत्राची मनसोक्त चेष्टा केली. मावशींनी कॅन दाखवले. हा चांगला, हा मधला, हा साबणवाल्याला द्या. सगळं मी सांगितल्याप्रमाणे. मन्सूरभाई मान हलवत होते. मी खांबाला टेकून उभी होते. सुटलो, असं मनात म्हणाले.

मन्सूरभाईंनी झब्ब्याच्या खिशातून एक छोटी बाटली काढली.

"भाभी, एक काम आहे. अक्कलकुव्याकडे एक माणूस आहे, सुरत्या नावाचा. चार वर्षं माल देतो. आता लोक म्हणतात, तो तेलात काहीतरी मिसळतो. मला कधी वाटतं मिसळतो, कधी वाटतं नाही. माझं डोकं चालत नाही. तुम्ही सांगा. मिसळतो म्हणालात तर आजपासून त्याचा माल बंद. आणि मी बंद केला की बाकीचेही घेणार नाहीत."

"अहो, तिला बूच उघडायचीसुद्धा गरज नाही!" काका खुर्चीत सरसावून बसले. "द्या बघू, लांबूनच सांगेल."

मावशींनी बाटली घेतली. माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? सगळ्यांच्या समोर त्यांच्या हातातून बाटली हिसकावून नाकाला लावणार होते? त्यांनी बूच उघडलं. बाटली नाकाशी नेली आणि खूप वेळ तशीच धरली. काका कौतुकाने बघत होते. मन्सूरभाई पुढे वाकले होते.

वेळ मारून नेणं किती सोपं होतं. "चांगलं आहे" एवढे दोन शब्द. पण सुरत्या खरंच मिसळत असेल तर? आणि भेसळ आहे म्हटलं नि नसलीच तर?

मावशींनी बाटली खाली ठेवली.

"मला काहीच वास येत नाही," त्या म्हणाल्या.

"बघा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "वासच नाही! म्हणजे भेसळ, शंभर टक्के! मन्सूरभाई, लाथ मारून हाकला त्याला."

"तेलात नाही हो," मावशी म्हणाल्या. "माझ्यात."

 थाप मारलेला काकांचा हात मांडीवर तसाच राहिला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे माझं नाक गेलंय. होळीपासून. हे कॅन मी नाही लावले, या पोरीने लावले. मन्सूरभाई, तुम्ही सगळे उघडून बघा. आणि त्या सुरत्याचं तेल कुठे तपासतात तिथे तपासून घ्या. माझ्या शब्दावर कुणाचं पोट ठरवू नका."

मन्सूरभाई लगेच उठले नाहीत. त्यांनी चिवड्याचा घास संपवला, हात पुसले आणि मग कॅनकडे गेले. एकेक उघडून हुंगू लागले, अगदी सावकाश. माझं नाक कच्चं असताना भरलेले सुरुवातीचे दोन कॅन त्यांनी नको म्हणून बाजूला काढले. बाकीचे गाडीत चढवायला सांगितले. जाताना मावशींसमोर क्षणभर थांबले.

"भाभी, तुम्ही नुसतं 'चांगलं आहे' म्हणाला असतात तरी मी मानलं असतं."

"म्हणूनच म्हटलं नाही."

सुरत्याची बाटली त्यांनी मुंबईला तपासायला पाठवली. तेल शुद्ध निघालं, असं पुढे फोनवर कळलं. पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी गेली. काका अजून खुर्चीतच होते. मी तिथून जावं की थांबावं, मला कळेना.

"मला का नाही सांगितलंस?" काका म्हणाले. आवाज रेंजरचा नव्हता.

मावशी ताटलीभोवती सांडलेला चिवडा गोळा करू लागल्या.

"नासक्या दुधाचा चहा. करपलेली डाळ. मला वाटलं, तू माझ्यावर रागावली आहेस."

"सहा-आठ महिने?"

"मग काय! म्हटलं, काहीतरी मोठंच केलं असणार आपण. आठवत बसलो होतो, काय केलं ते."

"आणि तसंच प्यायलात?"

"तू दिलास म्हणून प्यायलो."

मावशींना आधी हसू आलं. मग ते हसू कुठेतरी अडलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. काका उठले, त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि काय करावं ते न सुचून फराळाची ताटली उचलून आत घेऊन गेले.

मावशींचा वास परत आला नाही. मध्ये एकदा त्यांना वाटलं की धुण्याचा साबण जाणवतोय, पण तो भास निघाला.

पुढच्या वर्षी रोशा फुलोऱ्यावर आला तेव्हा माझी नाशिकला जायची तयारी चालली होती. तिथल्या एका कंपनीत नोकरी ठरली होती. जायच्या आधी मी भट्टीला आणखी एक सेन्सर बसवला, थेट कॉइलजवळ. तिथे नको इतका ताप चढला की सगळं बंद होऊन भोंगा वाजेल असा. पहिली भट्टी लागली त्या सकाळी मी तो नीट चालतोय ना ते बघायला शेडमध्ये गेले आणि उंबऱ्यातच थबकले. स्टुलावर काका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदाची पट्टी, परीक्षेला बसल्यासारखे.

"काय येतंय?" मावशींनी विचारलं.

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे कसा?"

"चांगला म्हणजे चांगला. गवतासारखा."

"गवतच आहे ते, दुसऱ्या कशासारखा येणार? नीट सांगा."

"अगं, पंचनामा लिहायचाय का? गोड आहे म्हण."

"शलाका सांगायची. पेरूसारखं, लिंबाच्या पाल्यासारखं."

"मग शलाकाला बसव!"

"ती चाललीय. बसा खाली."

काका बसले. थेंब पडत होते. आकडा स्थिर होता, कॉइल मधूनच टक् करून बंद व्हायची, पुन्हा लागायची. मावशी दर थोड्या वेळाने पट्टी बुडवून द्यायच्या, काका हुंगायचे, चुकायचे, चिडायचे. एकदा म्हणाले, ओल्या पोत्यासारखा. एकदा म्हणाले, डाकबंगल्याच्या कपाटासारखा. मावशी प्रत्येक उत्तर ऐकून मान हलवत होत्या आणि कॅन काही बदलत नव्हत्या.

मग एका पट्टीवर काका थांबले. डोळे मिटले. मिशा जरा हलल्या.

"तोरणमाळ," ते म्हणाले.

"काय तोरणमाळ?"

"आपलं लग्न झाल्यावर तू तिथे आलीस तो दिवस. क्वार्टरमध्ये दिवा नव्हता. मी कंदील शोधत होतो आणि तू अंधारातच पेटी उघडलीस. तेव्हा खोलीभर झाला होता तो वास." त्यांनी डोळे उघडले. "तो हा आहे. मला काय म्हणतात ते माहीत नाही, पण तोच आहे."

मावशींचा हात नळीपाशी थांबला होता. 

"आईने साड्यांच्या घड्यांत रोशाच्या जुड्या घातल्या होत्या," त्या म्हणाल्या. "फुलोऱ्यातल्या निवडून."

काकांनी पट्टी पुन्हा नाकाला लावली. मावशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, पुष्कळ वेळ.

मग माझ्याकडे वळल्या.

"शलाका, कॅन बदल गं. आता येईल ते पहिल्या प्रतीचं."